वडावरची वटवाघळे उन्हाने खाली पडत आहेत: पाण्याचा फवारा मारावा की नाही?

पारंबी
आमची सोसायटी फतेगंजात आहे. कुंपणाला लागून एक जुना वड उभा आहे आणि त्यावर वटवाघळांची मोठी वस्ती आहे. माझ्या सासूबाई लग्न होऊन बडोद्यात आल्या तेव्हाही ती तिथेच होती, असे त्या सांगतात. दिवसभर ती काळ्या पिशव्यांसारखी उलटी लोंबकळत असतात, आपापसांत कुरकुरत असतात आणि दिवेलागणीला एकामागून एक उठून कमाटीबागेच्या दिशेने निघून जातात. गेले चार दिवस आमच्या व्हरांड्यातला तापमापक दुपारी ४३ अंशांच्या खाली आलेला नाही. परवा तीनच्या सुमारास पहिले वटवाघूळ खाली पडले आणि काल संध्याकाळपर्यंत ही संख्या सातवर गेली. त्यांतल्या दोन माद्यांच्या पोटाशी पिल्ले बिलगलेली होती. एक पिल्लू तेव्हा जिवंत होते, पण काय करावे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तेही अर्ध्या तासात गेले.

रविवारी सोसायटीची सभा आहे. काहीजण म्हणतात की टाकीला जाड नळी जोडून झाडावर पाण्याचा जोरदार मारा करावा. काहीजणांना फांद्या छाटून ही वस्तीच हलवायची आहे. उरलेल्यांच्या मते हा निसर्गाचा व्यवहार आहे आणि त्यात आपण पडू नये. मला सभेत बोलायचे आहे, पण अर्धवट माहितीवर बोलायचे नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

दांडियाबाजारकर
ताई, यात विचारण्यासारखे काय आहे? तहानलेल्या जीवाला पाणी द्यावे, एवढेच आम्हाला लहानपणी शिकवले गेले. वैशाखात आमच्या वाड्याच्या दाराशी रांजण भरून ठेवलेला असे आणि त्याच्या शेजारी गाईगुरांसाठी दगडी डोणी असे. या शहराचे नावच वडावरून पडले आहे. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात ‘वटपद्रक’ असा त्याचा उल्लेख आहे. वडाच्या गावात वडावरचे जीव उन्हाने मरत असताना आपण नळी हातात घेऊन उभे राहायचे नाही, तर कधी राहायचे? माझे मत स्पष्ट आहे. फवारा मारावा.

पशुवैद्य_आजवा
काकांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण जोरदार फवाऱ्याला माझा विरोध आहे. त्याची कारणे सविस्तर लिहितो.

उन्हाचा ताप वाढू लागला की वटवाघळे आधी सावलीच्या बाजूला सरकतात आणि पंखांनी स्वतःला वारा घालतात. त्यानेही भागले नाही तर ती अंग आणि पंख चाटून ओले करतात, म्हणजे लाळेच्या बाष्पीभवनाने थंडावा मिळतो. शेवटी ती तोंड उघडून धापा टाकू लागतात आणि फांदीवरून खाली खाली उतरत खोडाजवळ गोळा होतात. ही शेवटची अवस्था सर्वांत धोक्याची, कारण घोळक्यातल्या मधल्या जिवांना वाराच लागत नाही. ऑस्ट्रेलियातील याच कुळातल्या वटवाघळांबाबत असे दिसून आले आहे की हवेचे तापमान ४२ अंशांपलीकडे गेले की मृत्यू सुरू होतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे केर्न्सच्या परिसरात दोन-तीन दिवसांत सुमारे २३,००० वटवाघळे मेली. आपल्याकडे मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ अनेक वटवाघळे मरून पडली होती. तेव्हा सर्वांच्या मनात महामारीची भीती होती, पण बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेच्या तपासणीत कारण उष्णताच निघाले.

आता फवाऱ्याविषयी. भर दुपारी झाडाखाली माणसे गोळा झाली, आरडाओरडा झाला आणि पाण्याचा लोट फांदीवर आदळला, तर वटवाघळे घाबरून उडतात. त्या क्षणी त्यांच्या शरीरात उरलेली थोडीशी ताकद आणि थोडेसे पाणी उडण्यातच संपते. सावलीत निश्चल टांगलेल्या वटवाघळाला जगण्याची जेवढी आशा असते, तेवढी ४३ अंशांच्या उन्हात उडणाऱ्याला नसते. दुसरी गोष्ट दमटपणाची. बाष्पीभवनाने थंड होणारा प्राणी कोरड्या हवेत तग धरतो. मेच्या उत्तरार्धात खंबातच्या आखाताकडून दमट वारा येऊ लागला की तेच तापमान त्याला अधिक जड जाते, आणि झाडाखाली पाणी ओतून आपण तिथली हवा आणखी दमट करतो.

पाणी द्यायचेच असेल तर दूर उभे राहून, बारीक तुषारांच्या रूपात, खालच्या फांद्यांवर, थोडा वेळ द्यावे. तेही त्यांनी धापा टाकायला सुरुवात करण्याच्या आधी, म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमारास द्यावे. एका माणसाने गाजावाजा न करता हे काम करावे.

मकरपुरा_२
या चर्चेत माणसांच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. आमच्या जुन्या घरासमोर अशीच वस्ती होती. अंगणात विष्ठा पडत असे, रात्रभर कलकलाट चाले आणि पेरू एकही हाती लागत नसे. त्यात केरळमध्ये २०१८ साली निपाह पसरला तो वटवाघळांमुळेच. ज्या झाडाखाली मुले खेळतात तिथे मेलेली वटवाघळे पडत असतील, तर फांद्या छाटून वस्ती हलवण्याचा विचार करणाऱ्यांना निर्दय म्हणू नये.

पशुवैद्य_आजवा
मी त्यांना निर्दय म्हणणार नाही. मुलांची काळजी रास्तच आहे. फक्त त्या काळजीचा उपाय वेगळा आहे. निपाहचा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत आढळतो हे खरे आहे. माणसापर्यंत तो पोहोचतो तो मुख्यतः त्यांच्या लाळेने किंवा मूत्राने दूषित झालेली फळे आणि ताडाचा-खजुराचा कच्चा रस यांतून, किंवा आजारी जनावराच्या अथवा माणसाच्या निकट सहवासातून. म्हणून उष्टे, कुरतडलेले फळ खाऊ नये आणि पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने कधीही स्पर्श करू नये, मग ते मेलेले असो वा जिवंत. त्याच्या चाव्यातून रेबीजसारखा आजार होण्याचीही शक्यता धरून चालावी लागते. मेलेले असेल तर जाड हातमोजे घालून फावड्याने उचलून खोल पुरावे. जिवंत असेल तर वर टोपली उपडी घालावी, टोपलीवर ओले फडके टाकावे आणि १९६२ या क्रमांकावर प्राण्यांसाठीच्या करुणा रुग्णवाहिकेला कळवावे.

फांद्या छाटण्याने मात्र दुहेरी नुकसान होईल. सध्या माद्यांच्या अंगावर पिल्ले आहेत. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, त्यामुळे एका उन्हाळ्यातली हानी भरून यायला अनेक वर्षे लागतात. शिवाय ज्या फांद्यांनी तुमच्या इमारतीच्या पश्चिमेकडच्या भिंती सावलीत ठेवल्या आहेत, त्याच तुम्ही मेमध्ये तोडाल.

शुश्रूषा
मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. पारंबीताई, त्या वडाखाली तुमचा रखवालदार बसतो का? बसत असेल तर वटवाघळांच्या वागण्याकडे त्याच्यासाठीही लक्ष द्या. ज्या दुपारी ती खोडाजवळ उतरतात, त्या दुपारी माणसानेही बाहेर थांबू नये. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक माणसे दगावली, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातूनच २०१३ साली तिथे उष्णतेपासून बचावाची योजना आखली गेली. दक्षिण आशियातली ती अशी पहिली शहरी योजना होती.

या मृत्यूंत रात्रीचा भाग फार मोठा असतो. दिवसा तापलेले शरीर रात्री निवले पाहिजे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला ती उसंत मिळत नाही, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस बोलता बोलता असंबद्ध बरळू लागतो, त्वचा तापते, कधी घाम येणेही थांबते. त्या वेळी कांदा हुंगवत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तडक रुग्णालय गाठावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. माझ्या डोळ्यांदेखत एका फेरीवाल्याच्या बाबतीत ही चूक झाली होती. पाणी पाजणाऱ्याच्या मनात केवळ माया होती, आणि ते पाणी फुप्फुसात गेले.

पशुवैद्य_आजवा
शुश्रूषाताई, पक्ष्यांच्या बाबतीत नेमके हेच होते. उन्हाने पडलेल्या घारीची किंवा कबुतराची चोच उघडून लोक प्रेमाने पाणी ओततात. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे असल्यामुळे ते पाणी थेट आत जाते. पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवावे आणि उथळ वाटीत पाणी ठेवून बाजूला व्हावे. तो स्वतः चोच बुडवील तेव्हाच ते पाणी त्याच्या कामाचे. घारी दिवसभर उंच घिरट्या घालत असल्यामुळे त्यांना हा त्रास विशेष होतो. मे २०२२ मध्ये अहमदाबादेत पक्षी आकाशातून पडत असल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांत घारी बऱ्याच होत्या.

कुंडेवाली
आपल्या अनेक गच्च्यांवर पाण्याची कुंडी असतात, पण ती कुठे आणि कशी ठेवतो याकडे लक्ष नसते. प्लास्टिकचे किंवा स्टीलचे भांडे उन्हात ठेवले तर दुपारी त्यातले पाणी चटका बसण्याइतके तापते. झिलई नसलेले मातीचे पसरट कुंडे घ्यावे. ते पाझरते म्हणूनच पाणी गार राहते. पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नसावे आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशी, सरडा, खारीचे पिल्लू यांना बाहेर येता येते. मी दगड ठेवत नसे, तेव्हा रोज सकाळी कुंड्यात चार-पाच मधमाश्या बुडालेल्या सापडत. ठेवू लागल्यापासून एकही सापडलेली नाही. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ कुंडे ठेवू नये. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर दोन दिवसांनी ते रिकामे करून नारळाच्या शेंडीने घासावे.

माझ्या कुंड्यावर सर्वांत आधी साळुंकी येते, मग बुलबुल, आणि टळटळीत दुपारी सगळे गप्प झाल्यावर एखादा तांबट, ज्याची टुक-टुक त्या वेळीही चालूच असते. खारी पाणी पितात आणि नंतर व्हरांड्याच्या फरशीवर चारही पाय पसरून पोट टेकवून पडून राहतात. पहिल्यांदा मला ती मेली असेच वाटले होते. थंड फरशीला पोट लावून ती अंगातली उष्णता उतरवत असते, हे पुढे समजले.

गच्चीवरून
आमच्याकडे वेगळाच पेच उभा राहिला होता आणि तो या धाग्याशी संबंधित आहे, म्हणून लिहितो. घर तापू नये म्हणून आम्ही गच्चीला पांढरा चुना लावायचे ठरवले. चुना आला, माणूस आला, आणि गच्चीच्या कोपऱ्यात जुन्या वाळू-खडीच्या ढिगावर टिटवीची चार अंडी निघाली. आम्ही दिसताच दोन्ही टिटव्यांनी आकाश डोक्यावर घेतले. आईने चुनेवाल्याला चहा पाजून परत पाठवले आणि आम्ही काम पुढे ढकलले.

त्यानंतरचे तीन आठवडे जिन्याच्या झरोक्यातून जे पाहिले ते मी विसरणार नाही. सकाळी टिटवी अंड्यांवर बसलेली असे. ऊन चढले की ती उठून उभी राहायची आणि पंख किंचित सैल करून स्वतःच्या सावलीत अंडी ठेवायची, कारण आता त्यांना ऊब द्यायची नव्हती, उष्णतेपासून वाचवायचे होते. चोच उघडी, गळा थरथरत असे. दर थोड्या वेळाने दुसरी यायची, तेव्हा पहिली उडून जायची आणि परतताना तिच्या पोटाची पिसे ओली असायची. त्या ओल्या पोटाने ती अंड्यांवर बसायची. शेजारच्या गच्चीवरच्या टाकीतून वाहून जाणारे पाणी साचते तिथे ती भिजायला जात होती. ते पाणी वाया जाते म्हणून आम्हीच पूर्वी तक्रार केली होती. मग आईने आमच्याच गच्चीवर एका परातीत पाणी ठेवायला सुरुवात केली. चारपैकी तीन पिल्ले बाहेर आली.

दांडियाबाजारकर
चार अंडी म्हणजे पावसाचे चारही महिने चांगले, असे आमच्या शेतावरचा गुजराती गडी सांगायचा. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, असेही तो म्हणे. गच्चीइतकी उंच जागा त्याने कधी धरली नसेल.

पशुवैद्यांचे लिहिणे मी दोनदा वाचले. जोराच्या फवाऱ्याचा आग्रह मी मागे घेतो. पण काहीच करू नये, हे मला अजूनही पटत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
टिटवीचे वर्णन वाचून चंबळेची आठवण झाली. आमच्याकडे पाणचिरा नावाचा पक्षी नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. तिथे सावलीला गवताची काडीसुद्धा नसते आणि वाळूवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. तोही पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे ऊन ज्यांना थेट मारत नाही, त्यांना ते पाणी आटवून मारते. बडोद्यात विश्वामित्रीची काय स्थिती आहे?

विश्वामित्रीकाठ
विश्वामित्री पावागडातून उगम पावून भर शहरातून जाते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. २०२५ च्या मोजणीत त्यांची संख्या चारशेहून अधिक निघाली. मी वडसर-कलालीच्या बाजूला नियमित फिरतो. मगर उन्हात आ वासून पडलेली दिसते तेव्हा लोकांना ती चिडलेली वाटते. प्रत्यक्षात ती तोंडावाटे उष्णता बाहेर टाकत असते. ऊन असह्य झाले की ती काठाच्या मातीत खणलेल्या बिळात शिरते. हे बीळ काही मीटर आत जाते आणि तिथे बाहेरच्या मानाने बरेच गार असते. म्हणून काठ मातीचा आणि झाडीचा राहणे तिच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे. सिमेंटच्या काठात बीळ खणता येत नाही.

याहून विलक्षण गोष्ट अंड्यांची आहे. मादी काठावर खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिल्ले निघतात. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या तापमानावर ठरते. मगरीची अंडी २८ ते ३१ अंशांत उबवली तर सगळ्या माद्या निघतात, ३२.५ च्या आसपास नर निघतात आणि ३३ ला पुन्हा दोन्ही मिसळून येतात. एक-दीड अंशाचा हा खेळ आहे. घरट्यावरची झाडाची सावली गेली तर त्या काठावरच्या एका पिढीचे गणितच बदलते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत आल्या तेव्हा सर्वांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, पण उन्हाळ्यात त्या काय सोसतात याकडे कोणी पाहत नाही.

पारंबीताईंच्या प्रश्नाशी नदीचा थेट संबंध आहे. वटवाघूळ काठावर बसून पाणी पीत नाही. ते पाण्याच्या अगदी लगत उडत जाते, पोट पाण्याला घासते आणि मग झाडावर जाऊन ते ओले केस चाटते. टिटवी पोट भिजवते ते अंड्यांसाठी आणि वटवाघूळ स्वतःसाठी. त्यासाठी त्याला उडायला मोकळा, लांब पाण्याचा पट्टा लागतो. तुमच्या झाडाजवळ कितीही कुंडी ठेवली तरी त्यांचा वटवाघळाला उपयोग नाही. जवळचा नदीचा डोह जलपर्णीने आणि कचऱ्याने झाकलेला असेल तर तो मोकळा करणे, हे तुम्ही त्यांना दिलेले पाणी ठरेल.

मकरपुरा_२
हे मला ठाऊक नव्हते. फतेगंजाच्या मागच्या डोहावर जलपर्णी दाट आहे, हे मात्र मी जाता-येता पाहतो. मगरींमुळे आपण स्वतः पाण्यात उतरणे योग्य नाही. महापालिकेकडे सोसायटीच्या नावाने लेखी अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.

शुश्रूषा
रखवालदाराचे उत्तर अजून मिळाले नाही.

पारंबी
सर्वांचे मनापासून आभार. शुश्रूषाताई, तुमचा प्रश्न वाचला त्याच संध्याकाळी मी चौकशी केली. आमचे रखवालदार काका दुपारी पत्र्याच्या चौकीत बसत होते, कारण वडाखाली वटवाघळे पडतात म्हणून त्यांना तिथून उठवण्यात आले होते. आता बारा ते चार या वेळेत त्यांची खुर्ची तळमजल्याच्या जिन्याखाली असते, शेजारी माठ असतो आणि चौकीच्या पत्र्यावर वाळ्याच्या ताट्या टाकल्या आहेत.

सभा काल झाली. फांद्या छाटण्याचा ठराव मागे घेण्यात आला. वडाच्या घेराभोवती दोरी बांधली आहे आणि मे-जूनमध्ये तिच्या आत कोणी जाणार नाही, मुलेही नाहीत, गाड्याही नाहीत. मुलांची खेळण्याची जागा मागच्या बाजूला नेली. जोरदार नळी आणायची नाही असे ठरले. बागेत वापरतात ती तुषारांची नळी पहिल्या मजल्याच्या सज्ज्यातून खालच्या फांद्यांकडे वळवली आहे आणि साडेअकराला एकच व्यक्ती ती दहा मिनिटे सुरू करते. ते काम माझ्याकडे आहे. एक टोपली, जाड हातमोजे आणि १९६२ क्रमांक लिहिलेला फलक जिन्यापाशी ठेवला आहे. डोहाच्या अर्जावर एकोणतीस सह्या झाल्या, त्यांत छाटणीची मागणी करणाऱ्या तिघांच्याही आहेत.

आज तापमापकावर ४२ होते. दुपारी अडीचला काही वटवाघळे खाली सरकू लागली तेव्हा माझा धीर सुटत होता, पण मी सज्ज्याचे दार लावून आतच थांबले. एक पडले. आम्ही टोपली घातली, फडके ओले करून टाकले आणि फोन केला. रुग्णवाहिका पाऊण तासाने आली, तोवर ते जिवंत होते. दिवेलागणीला बाकीची वस्ती उठली. या वेळी ती कमाटीबागेकडे जाण्याआधी नदीच्या बाजूला वळली, आणि सासूबाई गच्चीच्या कठड्याला धरून अंधार पडेपर्यंत ती मोजत राहिल्या.